लाल ठिपक्याला भुलू नका!

लेकीने नेमबाजीचा हट्ट धरला, की महाड-पोलादपूरच्या घरात पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. त्यात कुणीतरी 'रेड डॉट' सुचवतं. काचेत लाल ठिपका दिसतो, तो लक्ष्यावर ठेवला की झालं! पण मैत्रिणींनो, पैसे मोजण्याआधी जरा थांबा.

ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत हा ठिपका चालतच नाही. तिथे मागे बारीक छिद्राची 'पीप साइट' आणि पुढे गोल कडं असतं. दोन्हींच्या मधोमध काळं लक्ष्य आणायचं. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर! २००४ मध्ये अथेन्सला अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर आणि २०१० मध्ये म्युनिचला विश्वविजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, दोघींनी असाच नेम धरला.

मग स्वस्तात काय जमेल? सुरुवातीला क्लबचीच रायफल वापरू द्या. सुमाताईंची अकादमी आपल्याच जिल्ह्यात, पनवेलला आहे. गोडी टिकली, तरच खरेदीचं बघा. वापरलेली पीप साइट मिळाली तरी हरकत नाही. फक्त ती रायफलवर घट्ट बसते ना, प्रत्येक 'क्लिक'ला सारखी सरकते ना, हे प्रशिक्षकांकडून तपासून घ्या. लेकीच्या डोळ्यांचा नंबरही आधीच काढा.

वाचलेले पैसे छर्रे आणि एसटीच्या तिकिटाला लावा. नेम शेवटी सरावानेच बसतो, नाही का?