कुकडी : पाऊस घाटावर, कोरीवकाम निघोजला

नाणेघाटाच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाला दोन वाटा फुटतात. कड्यावरून खाली गेलेलं पाणी कोकणमार्गे अरबी समुद्र गाठतं. पूर्वेकडे कललेलं पाणी कुकडीत उतरतं आणि घोड, भीमा, कृष्णा करत थेट बंगालच्या उपसागरात जातं. समुद्र इतका जवळ असूनही पाठ फिरवणाऱ्या या नदीचा उगम जुन्नर तालुक्यातल्या पूर गावी, कुकडेश्वराच्या प्राचीन देवळापाशी मानतात.

उगमाकडे भातखाचरं; माणिकडोह आणि येडगाव ही धरणं ओलांडून पारनेर-शिरूरच्या हद्दीवर यावं, तर पर्जन्यछायेतला बाजरीचा मुलूख. इथल्या पात्रातून वाहणारा मोठा पूर इथल्या पावसाचा नसतोच, तो घाटावरून आलेला असतो.

वाटेत बोरी बुद्रुकला काठाच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची, म्हणजे हजारो किलोमीटर वाऱ्यावरून आलेली! शेजारच्या थरांत अश्मयुगीन माणसाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या. राख सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याच्याही कित्येक लाख वर्षं आधीची, यावर संशोधकांत मोठा वाद झाला. कारण त्या हत्यारांचं वय ठरवायला हीच राख हाताशी होती. हा थर गावच्या देवळाइतकाच जपला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

नदीची खरी कारागिरी मात्र त्याच पारनेर-शिरूरच्या हद्दीवर, निघोजच्या कुंडावर. पात्र इथं काळ्या बेसाल्टच्या अरुंद घळीत शिरतं आणि पाण्याचा वेग वाढतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक कठीण खरा, पण त्यात भेगा असतात, वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेली छिद्रं असतात. पुराचा भोवरा अशा कच्च्या जागी घुमतो. त्यात सापडलेले गोटे गरागरा फिरत तळ आणि कडा घासत राहतात. गोटे झिजून संपतात, पुढचा पूर नवे आणतो. खळगा रांजणासारखा खोल होतो, शेजारचे दोन मिळून एक होतात, मधली भिंत ढासळते. नदीनं आपली घळ अशीच, रांजणाला रांजण जोडत, खोल केली आहे.

नुसतं पाणी हे काम करू शकत नाही, त्याला गोटे लागतात आणि ते फिरवण्याइतका जोर लागतो. धरणं झाल्यापासून घाटावरचा पूर आणि त्याच्यासोबतचा दगडगोटा वरच अडतो. कालव्यांनी शेतं भिजतात, ते हवंच आहे. पण कुंडातलं कोरीवकाम आता धरणं भरून सांडव्यावरून जोराचं पाणी सुटेल तेव्हाच पुढे सरकतं.