तारली येते-जाते, मग राखायची कशाला?

‘तारली लहरी. एखाद्या वर्षी येते, एखाद्या वर्षी पाठ फिरवते. माणसाने मारली काय नि सोडली काय, समुद्राला फरक पडत नाही.’ हे मी बंदरावर ऐकलंय, मासळीबाजारात ऐकलंय, शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडूनही ऐकलंय. दर वेळी चीड येते, कारण यातला पहिला भाग खरा आहे आणि त्याच्या आडोशाने दुसरा खपून जातो.

तारली या लहान माशाचा चढ-उतार होतो, यात वाद नाही. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या नोंदींनुसार केरळात २०१२ साली जवळपास चार लाख टन तारली मिळाली आणि २०२१ साली फक्त ३,२९७ टन. शंभरावा हिस्साही नाही! २०२४ मध्ये आकडा पुन्हा दीड लाख टनांच्या आसपास गेला. ‘बघा, आली की नाही परत?’ आली. पण मधल्या वर्षांत ज्यांच्या होड्या किनाऱ्याला लागून राहिल्या, त्यांच्या कर्जाचे हप्ते थांबले नव्हते.

आता नीट समजून घेऊ. तारली जेमतेम अडीच-तीन वर्षं जगते. वर्षभरात साधारण पंधरा सेंटिमीटरची होते, तेव्हा ती अंडी घालण्याजोगी होते, आणि पावसाळ्याच्या सुमाराला वीण होते. त्याच दिवसांत तळाचं थंड, सकस पाणी वर येतं आणि त्यावर पोसलेल्या सूक्ष्म वनस्पतींवर पिल्लं वाढतात. पाणी तापलं, वर येणं बिघडलं, की त्या वर्षीचं बी वाया जातं. दीर्घायुषी माशाकडे जुन्या पिढ्यांची शिल्लक असते. तारलीकडे एक-दोन वर्षांचंच बियाणं असतं. म्हणजे ती लहरी आहे म्हणूनच वाईट वर्षी बियाणं राखायला हवं! पडझडीत हवामान आणि अतिमासेमारी, दोन्हींचा हात होता, असं याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ च्या शोधनिबंधात मांडलं आहे. एकट्या हवामानावर खापर फोडून मोकळं होता येत नाही.

‘मग सरकारने बंदी घालावी’ हे दुसरं ठरलेलं उत्तर. घालून पाहिली आहे. १९४३ मध्ये मद्रास सरकारने मलबार किनाऱ्यावर लहान तारली मारणाऱ्या जाळ्यांवर निर्बंध आणले. अंमल जमला नाही आणि काही वर्षांत ते मागे घ्यावे लागले. एवढ्या समुद्रावर गस्त घालणार किती? केरळने अलीकडे कायदा बदलून गाव, जिल्हा आणि राज्य पातळीवर मत्स्यव्यवस्थापन परिषदांची तरतूद केली, त्यांत मच्छीमारांनाही जागा आहे. उत्तर केरळात कडक्कोडी नावाची मच्छीमारांची स्वतःची समुद्र-पंचायत पूर्वापार आहे. आपल्याकडच्या रापणीतही, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, वाटे आणि पाळ्या ओढणारी माणसंच ठरवत आली. नियम ज्याच्या जाळ्याला लागणार, तो ठरवायला बसला नाही, तर पाळायलाही उभा राहत नाही.

पण माझं खरं भांडण पुढे आहे. चर्चा नेहमी पकडणाऱ्याची होते, घेणाऱ्याची होत नाही. बोटभर तारली घरच्या जेवणासाठी टनावारी कोण नेतो? ती फिशमील आणि माशाच्या तेलाच्या कारखान्यांत जाते. गिऱ्हाईक असेल तोवर होडीचा तांडेल ती आणणारच, त्याला डिझेलचे पैसे काढायचे असतात. कारखानदार आणि व्यापारी बैठकीत नसतील, तर ती बैठक अर्धीच. समुद्रावर पोलीस पुरे पडत नाहीत, पण तपासणी बंदराच्या काट्यावर होऊ शकते.

काही किरकोळ समजही उरकून टाकतो.

‘जाळ्याची आस, म्हणजे भोक, मोठी केली की झालं.’ नाही. पर्ससीन जाळं अख्खा थवा घेरतं, आणि आस मोठी असली तर तारली आसेतच कल्ल्यांनी अडकते. पिल्लं दिसली तर जाळं टाकूच नये, ओढल्यावर सोडलेली तारली क्वचितच जगते.

‘लहान तारली म्हणजे पेडवे.’ पेडवे वेगळे, पण त्यांच्या नावाखाली तारलीची पिल्लंही विकली जातात.

‘पावसाळी बंदी वादळासाठीच.’ जीव वाचवणं हे एक कारण, वीण हे दुसरं. महाराष्ट्रातला १ जून ते ३१ जुलै हा बंदीकाळ दोन्हींसाठी आहे.

‘किमान आकार ठरला, प्रश्न सुटला.’ केरळात तारलीसाठी तो दहा सेंटिमीटर आहे, म्हणजे अंडी घालण्याच्या वयाच्या कितीतरी आधीचा. माझ्या मते ही मर्यादा फार खाली आहे. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार जाहीर केले, पण लिलावात मोजपट्टी घेऊन उभा असलेला माणूस मला अजून दिसलेला नाही.