खुळखुळणारा कॅमेरा

मे महिन्यातली दुपार होती. आजोळच्या घरात फणसाचा वास कोंडलेला, आणि पडवीत माझी भाची उभी. चेहरा असा, की घरातली लोणच्याची बरणीच हिच्या हातून फुटली असावी. हातात माझा कॅमेरा.

"मामा, मी काही नाही केलं. पण याच्या आत काहीतरी सुटलंय."

तिनं कॅमेरा कानाशी नेऊन हलवला. खुळ. खुळखुळ. वाळलेल्या शेंगेत बिया वाजाव्यात तसा आवाज.

एक गुपित सांगतो. हा कॅमेरा नवा घेतला तेव्हा पहिल्याच दिवशी मीही हा आवाज ऐकला होता आणि पावती शोधायला कपाट उपसलं होतं. मग समजलं, की आतली वस्तू सुटलेली नाही, मुद्दाम सोडलेली आहे. बरेच बिनआरशाचे, म्हणजे मिररलेस कॅमेरे बंद असताना असेच खुळखुळतात.

"आता चालू कर आणि परत हलव," मी म्हटलं.

तिनं बटण सरकवलं, हलवलं. खुळखुळ गायब! कान अगदी चिकटवला तर बारीकसं 'सूंऽऽ' ऐकू येत होतं. शंख कानाला लावल्यावर येतं ना, तसं.

तर आत काय आहे? भिंगाच्या मागे एक चकचकीत पाटी असते, तिचं नाव सेन्सर. भिंगातून आलेलं चित्र पडतं ते या पाटीवर. माझ्या कॅमेऱ्यातली पाटी टपालाच्या छोट्या तिकिटाएवढी आहे. ती पक्की स्क्रूनं आवळलेली नाही. तिच्या आजूबाजूला तारेची वेटोळी आणि चुंबकं आहेत. वेटोळ्यात वीज सोडली की चुंबकामुळे ते सरकतं आणि पाटीला बरोबर घेऊन जातं. तुमच्या घरातल्या स्पीकरचा पडदा थरथरतो तोही याच युक्तीनं. कॅमेरा चालू असतो तेव्हा ही चुंबकं पाटीला हवेतल्या हवेत धरून ठेवतात. बंद केला, की पकड सुटते आणि पाटी आपल्या चौकटीत इकडून तिकडे आपटते. खुळखुळ!

"पण एवढी महागाची पाटी लोंबकळत कशाला ठेवायची? घट्ट बसवायची ना!"

प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी मी तिला हात पुढे करायला सांगितलं. बोटं ताठ, हात अगदी स्थिर. तुम्हीही करून बघा. बोटांच्या टोकांवर एक पातळ कागद ठेवा आणि कागदाची कड बघत राहा. थरथरतेय ना? घाबरू नका, तब्येत उत्तम आहे. प्रत्येक माणसाचा हात सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा बारीक थरथरतो. शिवाय श्वास आहे, छातीत धडधड आहे. जिवंत माणूस पूर्ण स्थिर राहूच शकत नाही.

एवढ्याशा थरथरीनं काय बिघडतं? भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. मिनिटकाटा एका सेकंदात सरकतो तेवढाच, फक्त तेवढाच, कॅमेरा कलला असं समजा. ५० मिलिमीटरचं भिंग लावलेलं असेल, तर पाटीवरचं चित्र तेवढ्यात एका केसाच्या जाडीएवढं सरकतं. आणि पाटीवर जे लक्षावधी बिंदू असतात ना, ते इतके बारीक, की एका केसाच्या जाडीत वीसेक सहज मावतात. म्हणजे आईच्या नाकाचं टोक एका बिंदूवर पडायच्या ऐवजी वीस बिंदूंवर फासलं गेलं. ओल्या रांगोळीवरून ओढणी गेल्यासारखं.

ही थरथर सावरायची युक्ती कुठं सुचली, ते बघायला आता मी तुम्हाला हवाई बेटांवर नेतो. १९८२ साली तिथे मित्रांबरोबर सुट्टीला आलेला एक जपानी संशोधक गाडीत बसला होता. मित्राचा व्हिडिओ कॅमेरा सुरू होता आणि गाडी हादरत असल्यानं चित्रण सगळं हेलकावत होतं. संशोधकाचं नाव मित्सुआकी ओशिमा. पॅनासॉनिकच्या वस्तू बनवणाऱ्या मात्सुशिता कंपनीत ते काम करायचे, आणि गाडीला वाट दाखवणाऱ्या यंत्रासाठी त्यांनी एका छोट्या उपकरणाचा अभ्यास केला होता. गाडी किती वळली हे ओळखणारं उपकरण. त्यांच्या डोक्यात आलं, गाडीचं वळणं ओळखता येतं, तर हाताचं हलणं का नाही? आणि एकदा ते कळलं, की चित्राला तेवढंच उलट दिशेला ढकलायचं! १९८८ साली त्यांच्या कंपनीचा हात-न-हलणारा व्हिडिओ कॅमेरा बाजारात आला. हात हलायचाच, अर्थात. फक्त चित्राला ते कळायचं नाही.

त्या उपकरणाचं नाव जायरो. आज तो तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नसतो, आणि त्याच्या आत एक सूक्ष्म काटा सतत थरथरत असतो. कॅमेरा वळला, की थरथरणारा काटा थोडा बाजूला ढकलला जातो. किती ढकलला गेला ते मोजलं, की किती वळलो ते कळतं. यामागचं गणित फ्रान्सच्या कोरिओलिस यांनी १८३५ साली मांडलं. पण खरा मान द्यायचा तर तो घरमाशीला द्यावा लागेल. फणसावर बसलेली माशी नीट पाहा (आमच्याकडे त्या दुपारी नमुन्यांची टंचाई नव्हती). तिला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी दोन इवल्या काड्या असतात, टोकाला गाठ असलेल्या, ढोलाच्या टिपरूसारख्या. उडताना माशी त्या काड्या पंखांच्याच वेगानं हलवते, आणि हवेत वळली की काड्यांवर बाजूनं पडणाऱ्या ताणावरून तिला वळण कळतं. म्हणजे थरथरणारा जायरो माशीकडे कोट्यवधी वर्षांपासून आहे, आणि तो वापरून ती आपल्या झाडूला सहज चकवते.

"माणसाकडे नाही असलं काही?"

आहे की! एखादं पुस्तक हातभर अंतरावर धरा आणि भराभर डावीकडे-उजवीकडे हलवा. वाचता येतंय? नाही, सगळी अक्षरं फराटे झाली. आता पुस्तक स्थिर धरा आणि तेवढ्याच वेगानं मान 'नाही नाही' करत हलवा. अरेच्चा! आता वाचता येतंय. प्रत्येक कानाच्या आत पाण्यासारख्या द्रवानं भरलेल्या तीन वाकड्या नळ्या आहेत. मान वळली की द्रव मागे राहतो, कानाला वळण कळतं, आणि सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात डोळ्यांची बुबुळं उलट फिरतात. मान उजवीकडे, डोळे डावीकडे. तुम्ही सांगितलेलं नसतं, तरी होतं. फुगडी घालून थांबल्यावर घर फिरायला लागतं ना? तो द्रव अजून फिरत असतो, आणि डोळे बिचारे त्याचं ऐकून नसलेलं फिरणं सावरत बसतात.

कोंबडीचा प्रयोग मात्र भाचीनं स्वतः केला. आजीची तांबडी कोंबडी दोन्ही हातांत अलगद धरली आणि तिचं अंग हळूच पुढे-मागे, वर-खाली नेलं. अंग हललं, मान लांब-आखूड झाली, पण डोकं? हवेत खिळा ठोकून लटकवल्यासारखं जागच्या जागी! कोंबडीला आपल्यासारखे डोळे फारसे फिरवता येत नाहीत, म्हणून ती अख्खं डोकंच स्थिर ठेवते. पारवा चालताना मान पुढे-मागे करतो तेही यासाठीच. १९७८ साली कॅनडाच्या बॅरी फ्रॉस्ट यांनी पारव्याला सरकत्या पट्ट्यावर चालवलं. पाय चालत होते, पण पारवा होता तिथेच, भोवतालची खोलीही हलत नव्हती. मग पारव्यानं मानही हलवली नाही. काय गरज?

कॅमेऱ्यातली पाटी म्हणजे ही कोंबडीच. हात खाली कलला, जायरोनं ओळखलं, चुंबकांनी पाटी सरकवली, चित्र होतं त्याच बिंदूंवर राहिलं. हे आधी भिंगांमध्ये व्हायचं, भिंगाच्या आतली एखादी काच सरकायची. पाटीच हलवायची कल्पना मिनोल्टा कंपनीनं २००३ साली कॅमेऱ्यात आणली. आणि २०१२ साली ऑलिंपसच्या ई-एम५ या छोट्या कॅमेऱ्यात पाटी पाच प्रकारचं हलणं सावरू लागली. पाच कुठले? मान 'हो हो' करते ते एक, 'नाही नाही' ते दुसरं, मान खांद्याकडे झुकते ते तिसरं, आणि अख्खं डोकं डावी-उजवीकडे किंवा वर-खाली सरकतं ती उरलेली दोन.

"मग हे दिसतं का आपल्याला? का नुसतं मानायचं?"

दिसतं, आणि ते जिथं दिसतं तीच या कॅमेऱ्यातली माझी सगळ्यात आवडती जागा. मागच्या बाजूला वर डोळा लावायची एक खिडकी असते, व्ह्यूफाइंडर. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत भिंगामागे तिरका आरसा असायचा, तो उजेड वर पाठवायचा, तिथल्या पैलूदार काचेतून तो डोळ्यापर्यंत यायचा. बटण दाबलं की आरसा 'खटॅक्' करून वर उडायचा आणि क्षणभर खिडकीत अंधार. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघाला, नेमका तोच क्षण फोटो काढणाऱ्यानं पाहिलेला नसायचा! बिनआरशाच्या कॅमेऱ्यात आरसाच नाही, मग उजेड वर जाणार कसा? तो जातच नाही. या खिडकीत खिडकी नाहीच. तिथे नखाएवढा एक टीव्ही आहे आणि त्याच्यापुढे एक भिंग.

२००८ साली पॅनासॉनिकचा जी१ हा या नव्या घराण्यातला पहिला कॅमेरा असा टीव्ही घेऊनच आला. २०२० सालच्या सोनीच्या एका कॅमेऱ्यात तर त्या नखाएवढ्या जागेत ९४ लाख ठिपके होते. लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके मिळून एक रंगीत बिंदू. एवढ्या ठिपक्यांची रांगोळी घालायची तर शिमग्याला सुरुवात करून दिवाळी येईल. खिडकीजवळ एक छोटा पहारेकरीही असतो. चेहरा जवळ आला की तो मागचा मोठा पडदा बंद करतो आणि हा टीव्ही लावतो. भाचीला चष्मा आहे. तिनं चष्मा कपाळावर चढवला, खिडकीशेजारचं चाक थोडं फिरवलं, आणि अक्षरं लख्ख झाली. त्या चाकानं तिच्या नंबराचा चष्मा खिडकीलाच लागला.

एक गंमत आहे. टीव्ही पाटीवरचंच चित्र दाखवतो, त्यामुळे तुम्ही बघता ते सेकंदाच्या अगदी छोट्या भागाइतकं शिळं असतं. पण त्याच कारणानं पाटीनं सावरलेलं चित्रही तुम्हाला सावरलेलंच दिसतं. भाचीनं डोळा लावला, बटण अर्धं दाबलं आणि ओरडली, "मामा, थांबलं! सगळं थांबलं!" थरथरणारी पडवी एकदम पाण्यावर होडी टेकावी तशी शांत झाली होती.

डोळा लावण्याचा आणखी एक फायदा. हात लांब करून पडद्याकडे बघत फोटो काढला तर कॅमेरा दोन हातांवर लोंबतो. खिडकीला डोळा लावला, की कोपरं पोटाशी येतात आणि भुवई तिसरा आधार होते. आपल्या अंगाची तिपाई. चुंबकं कितीही हुशार असोत, हे काम त्यांच्यावर टाकू नये असं माझं मत आहे.

किती फायदा होतो? ५० मिलिमीटरच्या भिंगाला हातात धरून सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा जास्त वेळ फोटो घेऊ नये, असा जुना दंडक आहे. फोटोवाले वेळ दुप्पट झाला की 'एक स्टॉप' म्हणतात. पाच स्टॉप सावरणारा कॅमेरा म्हणजे पाच वेळा दुप्पट, बत्तीस पट. एक पन्नासांशाचे झाले जवळजवळ दोन तृतीयांश सेकंद. अंधाऱ्या माजघरात ही चैनच.

२०१६ साली ऑलिंपसनं साडेसहा स्टॉप गाठले आणि त्यांच्या एका अधिकाऱ्यानं सांगितलं, की याच्या पुढे सध्या पृथ्वी आडवी येते. होय, पृथ्वी! घड्याळाचा तासकाटा आठवा, त्याचं सरकणं डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पृथ्वी स्वतःभोवती त्याच्या निम्म्या वेगानं वळते. जायरो इतका तल्लख झाला, की त्याला तेही जाणवायला लागलं. त्याला वाटलं, हात हलतोय! आणि तो पाटी सरकवायला निघाला. पण आपण, कॅमेरा, घर, फणस सगळे एकत्रच फिरतोय, तिथे सावरायचं काहीच नाही. बिचाऱ्याची फुगडीनंतरची गत झाली. तीन वर्षांत त्याच कंपनीनं आणखी सुधारलेला जायरो बसवून साडेसात स्टॉप करून दाखवले.

भाची हे ऐकून अंगणात जाऊन दोन मिनिटं डोळे मिटून उभी राहिली. परत येऊन म्हणाली, "मला नाही जाणवलं." मग ती कॅमेरा घेऊन माजघरात गेली. तिथे उतरंडीशेजारी पोत्यावर मांजर झोपलं होतं. उजेड एका कौलाच्या काचेतून येईल तेवढाच. भाचीनं कोपरं पोटाशी घेतली, भुवई टेकवली, श्वास सोडला, बटण दाबलं. अर्धा सेकंद.

फोटोत मडक्यांच्या कडा स्पष्ट, पोत्याचे धागे स्पष्ट, मांजराच्या मिश्या एकेक मोजून घ्याव्यात अशा. पण कॅमेरा आपला हात सावरतो, मांजर सावरत नाही. झोपेतही त्याची शेपटी चालू होती. तिच्या जागी नुसता करडा धूर.

भाचीनं फोटो आजीला दाखवला. आजीनं पडदा लांब धरला, जवळ धरला.

"छान आलाय गं," ती म्हणाली, "पण शेपटी कुठं ठेवलीस त्याची?"