चिप मारून गाडी तरुण होत नाही

"मामा, गाडीचा पिकअप मेलाय. रिमॅप मारून घेऊ का?"

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की विचारणारा भाचा आहे, शेजारी आहे की ऑफिसातला सहकारी, एवढाच काय तो फरक उरलाय. गाडी साधारण तीच असते: बारा-पंधरा वर्षांची, डिझेलवरची, दीड-दोन लाख किलोमीटर पळालेली आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या दारात उभी असलेली एसयूव्ही. सफारी आपल्याकडे १९९८ साली आली, स्कॉर्पिओ २००२ साली, फॉर्च्युनर २००९ साली, डस्टर २०१२ साली. तेव्हा रस्त्याकडेला उभं राहून या गाड्या बघणारी पोरं आता कमावती झालीत आणि त्याच गाड्या जुन्या बाजारातून घरी आणतायत. हौस मला समजते. गाडी घरी आल्यावर पहिले पैसे चिपवर का जातात, ते मात्र समजत नाही.

मोठा गैरसमज: पिकअप गेला, तर रिमॅप करा

आधी न्यायाने बोलू. टर्बो डिझेल गाडीत रिमॅपने ताकद वाढते, हे खोटं नाही. डिझेल कधी फवारायचं, किती, कुठल्या दाबाने आणि टर्बोने किती हवा कोंबायची, हा सगळा कारभार ईसीयू नावाचा छोटा संगणक बघतो. त्यातले आकडे बदलले (रिमॅप किंवा चिप मारणं म्हणजे हेच) की इंजिन जास्त जोर लावतं. धडधाकट इंजिनात वीसेक टक्के वाढ मिळू शकते. कंपनीने ही जागा मुद्दाम राखून ठेवलेली असते, कारण तीच गाडी राजस्थानच्या उन्हात, लडाखच्या विरळ हवेत आणि कुठल्याशा पंपावरच्या संशयास्पद डिझेलवरही चालायची असते. ती इंजिनाची गंगाजळी आहे. पंधरा वर्षांच्या गाडीने त्यातली बरीच आधीच मोडून खाल्लेली असते.

आता साधा विचार करा. ईसीयूतले आकडे झिजत नाहीत. कारखान्यातून निघताना जे होते तेच आजही आहेत, आणि त्याच आकड्यांवर ही गाडी एकेकाळी घाट हसत चढत होती. झिजलं ते रबर, लोखंड आणि क्लचप्लेट. मग दुरुस्ती आकड्यांची कशासाठी? गुडघे दुखतात म्हणून कोणी घड्याळ पुढे करत नाही.

भाच्याच्या गाडीचं बॉनेट उघडलं तेव्हा टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपावर तेलकट काजळी दिसली. पाइप सोडवला तर खालच्या बाजूने बोटभर चिरलेला. टर्बो इमानाने हवा दाबत होता आणि ती इंजिनात पोचण्याआधीच फटीतून निसटत होती. हवा मोजणारा सेन्सर त्या फटीच्या आधी बसलेला, त्यामुळे ईसीयूच्या हिशेबात हवा भरपूर होती आणि डिझेल त्या मापाने जात होतं. मागून काळा धूर निघत होता तो यामुळे. यावर चिप मारली असती तर डिझेल आणखी वाढलं असतं, धूर आणखी काळा झाला असता, बाहेर पडणारा वायू आणखी तापला असता आणि टर्बोचं आयुष्य घटलं असतं. पाइप बदलला. मेलेला पिकअप जिवंत झाला.

प्रत्येक गाडीत पाइपच निघेल असं नाही. म्हणून रिमॅपवाल्याला फोन करण्याआधी एवढं तपासा. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर शेवटचे कधी बदलले? थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने भरलाय का? पाचव्या गिअरमध्ये मध्यम वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढले आणि वेग तिथेच राहिला, तर क्लचप्लेट घसरतेय. अशा क्लचवर वाढीव ताकद टाकणं म्हणजे फुटक्या घागरीत जास्त पाणी ओतणं. वीस किलोमीटर चालवून उतरल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, पण टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय आणि तुमचं डिझेल त्या चाकावर जळतंय. एवढं करूनही गाडी उठत नसेल तर कॉम्प्रेशन आणि इंजेक्टर तपासा. ते ठीक निघाले तर रिमॅपचा विचार करायला माझी ना नाही. माझ्या अनुभवात तिथवर पोचणारे थोडेच, कारण बहुतेकांचं समाधान वाटेतच होतं.

गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या ओबीडी सॉकेटला लावायच्या "पिकअप वाढवा, मायलेज वाढवा" छापाच्या स्वस्त डब्यांबद्दल काय बोलावं? ज्यांनी त्या उघडून पाहिल्या, त्यांना आत बहुतेक वेळा दिवे लुकलुकवणारं सर्किट सापडलं. दिवे छान लुकलुकतात, एवढं खरं.

दुसरा गैरसमज: मोठे टायर लावले की गाडी दमदार होते

दमदार दिसते. आकडेमोड करून बघा. २३५/६५ आर१७ या टायरचा व्यास भरतो सुमारे ७३७ मिलिमीटर. त्या जागी २६५/७० आर१७ चढवला तर व्यास होतो सुमारे ८०३, म्हणजे जवळजवळ ९ टक्के जास्त. चाक मोठं झालं की तेवढ्याच टॉर्कमधून रस्त्यावर मिळणारी ओढ कमी होते; इथे साधारण ८ टक्के. म्हणजे आधी टायर लावून ताकद घालवायची आणि मग ती परत आणायला रिमॅप करायचा. स्पीडोमीटर मूळ चाकाच्या मापाने हिशेब करत राहतो, त्यामुळे काटा पूर्वीइतकाच असताना गाडी ९ टक्के जास्त वेगाने पळते. ओडोमीटर किलोमीटर कमी मोजतो, म्हणून मायलेज प्रत्यक्षाहून वाईट दिसतं आणि मालक पुन्हा गॅरेजात येऊन विचारतो, "इंजिनात काही बिघाड आहे का?"

तिसरा गैरसमज: उघडा एअर फिल्टर म्हणजे मोकळा श्वास

बॉनेटखाली उघडा बसवलेला शंकूसारखा फिल्टर इंजिनाची गरम हवा ओढतो, आणि गरम हवेत प्राणवायू विरळ असतो. शिवाय काही फिल्टर मूळ कागदी फिल्टरपेक्षा बारीक धूळ जास्त सोडतात. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्याने गाडी नेणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावं. ती धूळ टर्बोची पाती आणि पिस्टनच्या रिंगा घासते. आवाज मात्र झकास येतो, आणि पैसे बहुधा त्याचेच दिलेले असतात.

मग पैसे कुठे घालावेत?

जिथे गाडी थांबते आणि जिथे रस्ता धरते, तिथे.

पहिलं, ब्रेक ऑइल. हे हवेतला ओलावा शोषतं. डॉट-४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावरची किमान मर्यादा फक्त १५५ अंश. कसारा किंवा आंबा घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला की आतलं ऑइल उकळतं, वाफ धरतं आणि पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं हे कुठल्याही मोठ्या डिस्कपेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगी. सोबत पॅड, डिस्कची जाडी आणि मागचे लायनर बघून घ्या. उताराला खालचा गिअर टाकायला तर पैसेही लागत नाहीत.

दुसरं, मूळ मापाचे चांगले टायर. बाजूवर चार आकडी कोड असतो: २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी रबर वयाने कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं.

तिसरं, शॉकअप आणि सस्पेन्शनचे बुश. गाडी वळणावर डोलते ती "एसयूव्ही आहे, असंच असतं" म्हणून नव्हे. नवी होती तेव्हा इतकी डोलत नव्हती.

चौथं, दिवे. हॅलोजन बल्बपर्यंत १३.५ ऐवजी १२ व्होल्टच पोचले, तर प्रकाश जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. जुन्या वायरिंगमध्ये हे सर्रास होतं. रिले बसवून जाड वायर टाकणं आणि पिवळ्या पडलेल्या काचा पॉलिश करणं, एवढ्याने रात्रीचा प्रवास बदलतो.

आणि उरलेसुरले गैरसमज

*नायट्रोजन भरला की गाडी हलकी पळते.* साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. दर पंधरवड्याला हवा तपासा.

*जुन्या इंजिनाला जाड ऑइलच हवं.* कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं हवं. धूर आणि तेल खाणं जाड ऑइलने झाकलं जातं, बरं होत नाही.

*बुलबार लावला की गाडी सुरक्षित.* धडक शोषायची पुढच्या भागाची रचना तो बिघडवतो, आणि पादचाऱ्याला तर जीवघेणा ठरतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं.

*माझी गाडी, मी काहीही बदलेन.* मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं: उत्पादकाच्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत. कलम १८२अ नुसार मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीपासून लपवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो, ते वेगळंच.

*पंधरा वर्षं झाली, आता भंगारात, खर्च कशाला?* तो नियम दिल्लीसाठी निघाला, आणि तिथे डिझेलला दहाच वर्षं ठरली होती. महाराष्ट्रात खासगी गाडीची तपासणी होऊन नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. हरित कर भरावा लागतो. आणि पीयूसीत धूर मोजला जातो, हे रिमॅपवाल्यांनी जरूर लक्षात ठेवावं.

भाच्याने शेवटी पाइप, ब्रेक ऑइल, दोन शॉकअप आणि चार टायर एवढंच केलं. खूश होता, पण थोडा हिरमुसलेलाही. म्हणाला, "मामा, एवढे पैसे गेले आणि फोटो काढून टाकण्यासारखं काहीच नाही रे."

मी त्याला आईवडिलांना बसवून आंबोली उतरून यायला सांगितलं. परत आल्यावर बहिणीचा फोन आला: गाडीत झोप लागली म्हणाली.