मुशीचं मीठ आणि तिचं हृदय
(खाऱ्या पाण्यातलं जगणं : लेखांक ५)

समुद्रपक्ष्यांच्या मीठग्रंथी डोळ्यांच्या वर असतात, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. मुशीची, म्हणजे मालवणकडच्या मोरीची, ग्रंथी अगदी दुसऱ्या टोकाला असते. आतड्याच्या शेवटी, बोटाएवढी, गुदाशयात उघडणारी. तिचं काम काय, हे कळायला १९६० साल उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या मेन राज्यात, माउंट डेझर्ट बेटावरच्या प्रयोगशाळेत वेंडेल बर्गर आणि वॉल्टर हेस यांनी तिच्यातून पाझरणारा द्रव तपासला. ते जवळजवळ निव्वळ मिठाचं पाणी होतं, आणि खारटपणा रक्ताच्या साधारण दुप्पट.

मुशीच्या रक्तात मीठ समुद्राच्या निम्म्याच्या आसपास असतं. उरलेली भर ती युरियाने काढते. (शिळ्या मोरीला येणारा अमोनियाचा उग्र दर्प या युरियाचाच.) त्यामुळे पाणी शरीराबाहेर ओढलं जात नाही. मीठ मात्र कल्ल्यांतून आणि भक्ष्यातून आत येतच राहतं.

ते बाहेर काढण्याची रीत आडवळणाची आहे. पेशीच्या रक्ताकडील बाजूचा पंप सोडियम सतत बाहेर फेकतो. ते परत आत घुसताना पोटॅशियम आणि क्लोराइडला सोबत आणतं. क्लोराइड पलीकडच्या बाजूच्या दारातून नळीत उतरतं आणि त्याच्या विद्युतभारामुळे सोडियम पेशींमधल्या फटींतून मागोमाग जातं. हृदयरोग्यांना लघवी होण्यासाठी देतात ते फ्युरोसेमाइड इथली क्लोराइडची आवक बंद पाडतं. नळीकडचं दार म्हणजे सीएफटीआर हे प्रथिन. माणसात ते बिघडलं की सिस्टिक फायब्रोसिस होतो.

हे दार एरवी बंद असतं आणि ग्रंथी बहुतेक वेळ स्वस्थ. ती जागी कशाने होते? रक्तातलं मीठ वाढल्याने, असं कोणीही म्हणेल. पण रक्ताइतकंच खारट द्रावण शिरेत सोडलं, म्हणजे खारटपणा तोच ठेवून नुसतं आकारमान वाढवलं, तरी ग्रंथी वाहू लागते. मला या साऱ्या प्रकरणातला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो. मुशीचं रक्त एकंदरीत समुद्राहून किंचित घट्ट असतं. खारट भक्ष्य पोटात गेलं की मिठामागोमाग पाणीही शिरतं आणि रक्त फुगतं. ते ताणलेल्या हृदयाला जाणवतं. हृदय सी-प्रकारचं नॅट्रियुरेटिक पेप्टाइड सोडतं. ते पेशींवर थेट काम करतंच, शिवाय ग्रंथीतल्या मज्जातंतूंकडून व्हीआयपी हे दुसरं पेप्टाइड सोडवून घेतं. त्याने पेशीत सायक्लिक एएमपी वाढतं आणि सीएफटीआरचं दार उघडतं.

थांबवायचं काम सोमॅटोस्टॅटिनचं. माणसात वाढीच्या संप्रेरकाला आवर घालणारं, तेच.

पुढच्या लेखांकात : समुद्री कासवांचे अश्रू.