संमेलनाचे गाव आणि गाडीभाडे

साहित्य संमेलनाचा इतिहास आपण अध्यक्षांच्या यादीवरून वाचतो. मी काही वर्षे ती यादी गावांच्या रकान्यातून वाचते आहे, शेजारी रेल्वेचा जुना नकाशा ठेवून. संशोधनाचे रीतसर शिक्षण मला मिळालेले नाही. पण या दोन कागदांनी एक गोष्ट शिकवली. संमेलनाला कोण येणार, हे बरेचसे तिथवर पोहोचायला किती पैसे पडतात यावर ठरते.

11 मे 1878 रोजी न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांची पहिली सभा पुण्यात भरली. बोरघाटातून रेल्वे सुरू होऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. पुढे 1909ला बडोदे, 1912ला अकोला, 1917ला इंदूर. अकोला मुंबई-नागपूर मार्गावर. बडोद्याला मुंबईहून थेट गाडी. इंदूरला खांडव्यावरून रूळ गेलेले. शिवाय बडोदे आणि इंदूर संस्थानांच्या राजधान्या. रूळ आणि राजाश्रय जिथे एकत्र आले, तिथे संमेलनाला दूर जाणे सोपे झाले, असे मला दिसते.

मात्र भाडे हा एकच अडसर नव्हे. 1885च्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले. ते तर पुण्यातच राहत होते.

राजाश्रय गेला. आज मांडव, जेवणावळी, निवास हे शासकीय अनुदानावर आणि देणग्यांवर उभे राहते. श्रोता स्वखर्चाने येतो. या श्रोत्यांत निवृत्त माणसे पुष्कळ. मार्च 2020मध्ये रेल्वेने ज्येष्ठांची सवलत बंद केली. त्याआधी साठीपुढच्या पुरुषांना 40 आणि अठ्ठावन्नपुढच्या स्त्रियांना 50 टक्के सूट होती. करोनामुळे नाशिकचे संमेलन मार्च 2021वरून डिसेंबरात गेले. पुढे संमेलने पूर्ववत भरू लागली, सवलत परतली नाही.

उलट एसटीने 2022मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत आणि मार्च 2023पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला. 2024मध्ये अमळनेरला मी एसटीनेच गेले. शेजारच्या बाकावर तीन निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांतल्या दोघी आयुष्यात प्रथमच संमेलनाला निघालेल्या. माझे अर्धे भाडे वाचले, ते ग्रंथप्रदर्शनात गेले.

2025मध्ये संमेलन दिल्लीला भरले. पुण्याहून खास गाडी सुटली, त्याचा आनंदच आहे. पण मी हिशेब मांडला तेव्हा भाडे आणि खोली यांतच पैसे संपत होते, पुस्तकांना काही उरत नव्हते. मी घरीच राहिले. त्या तिघींपैकी एकीला फोन केला. त्याही गेल्या नव्हत्या.

संमेलनाने सीमेपार जरूर जावे. बडोद्याची आणि इंदूरची परंपरा आपलीच आहे. फक्त स्थळ ठरवताना निवड समितीने मांडवाच्या खर्चाशेजारी श्रोत्याच्या तिकिटाचाही रकाना ठेवावा. पुस्तके विकत घेणारा हात बहुधा त्याच रकान्यात अडकलेला असतो.