तोंडी लावायला रताळं

महाशिवरात्रीच्या ताटात भगर मधोमध. तिच्यावर शेंगदाण्याची आमटी, डावीकडं कवठाची चटणी, आणि आमटीचा ओघळ लागू नये म्हणून जरा लांब सरकवलेल्या गुळातल्या रताळ्याच्या तीन चकत्या. तीनच. चौथी मागितली की मोठी आई म्हणायची, "तोंडी लावायला केलंय लेकरा, पोट भरायला नाही." आजीला आम्ही मोठी आई म्हणत असू. अंबड तालुक्यात, शहागडच्या अलीकडं, गोदावरीपासून दोन कोसांवर आमचं घर होतं. त्या तीन चकत्यांचा हिशेब मी पन्नास वर्षं मनात ठेवून आहे.

चकत्या मोजल्या गेल्या नाहीत असं एकच वर्ष आठवतं, 1973. बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा शिवरात्रीच्या आधीच सुरू झाला होता. वडील खडी फोडायच्या दुष्काळी कामावर, घरात रेशनची तांबडी मिलो, आणि कामावरून कधी आमच्यासाठी बांधून आणलेली सुकडी. भगर वाण्याकडं असेलही, आमच्याकडं नव्हती. नदीच्या पात्रात झिरा खणून, घागरीनं पाणी घालून चुलत्यांनी रताळ्याचे दोन-तीन वाफे जगवले होते. त्या शिवरात्रीला ताटात दुसरं काहीच नव्हतं. उकडलेली रताळी मिठाला लावून खाल्ली. गूळही नव्हता. मी नऊ वर्षांचा होतो आणि मला तो सण फार आवडला, कारण रताळी पोटभर मिळाली. मोठी आई मात्र जेवली नाही. आजही कुणी "रताळी म्हणजे गरिबाचं खाणं" असं हसत म्हणतं तेव्हा मला ते हसणं जमत नाही.

एरवी ती गुळातली रताळी कशी करायची, ते आता सांगायला हवं, कारण तसं करणारं माणूस आमच्या घरात उरलेलं नाही. आदल्या रात्री स्वयंपाक उरकला की चुलीतला आर एका बाजूला ओढायचा, त्यावर रताळी मांडायची आणि वरून गरम राख लोटायची. रताळी न सोललेली, पण काथ्यानं घासून धुतलेली. सकाळपर्यंत ती सालीच्या आत मऊ होऊन बसायची. एका टोकाला काळपट चिकट थेंब सुटलेला असायचा, तो मोठी आई बोटानं निपटून आम्हाला चाटायला द्यायची. मग साल काढून बोटभर जाडीच्या चकत्या. कल्हईच्या पातेल्यात तूप, किलोभर रताळ्याला पाव किलोला जरा कमी गूळ, गूळ भिजेल एवढंच पाणी. पाक फेसाळला की चकत्या एकेक करून सोडायच्या आणि पातेलं वैलावर सरकवायचं. डाव घालून ढवळायचं नाही. उलथन्याच्या टोकानं एकेक चकती उलटायची. शेवटी सुंठ आणि वेलदोडा. पाक चकतीला धरला पाहिजे, ताटात पळता कामा नये. पळाला तर मोठी आई त्याला "रताळ्याचं सांबार" म्हणायची आणि तो डाग त्या सुनेला पुढच्या एकादशीपर्यंत पुरायचा.

रात्रभर राखेत ठेवण्यामागं काय आहे ते मला पुष्कळ उशिरा कळलं. रताळ्यात पिष्टाची साखर करणारं एक विकर असतं. साधारण 60 ते 75 अंश उष्णतेत पिष्ट फुगून मोकळं होतं आणि विकर अजून शाबूत असतं. तेवढ्या टप्प्यात रताळं जितका वेळ रेंगाळेल तितकी माल्टोज ही साखर तयार होते. निवत चाललेली राख नेमकी तिथंच रेंगाळते. कुकर तो टप्पा काही मिनिटांत ओलांडून जातो. आमच्या घरी कुकर आला तो ऐंशीच्या दशकात, आणि त्याच सुमारास आईनं रताळ्यात गूळ वाढवला. दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. आम्ही रताळ्यांना दोष देत राहिलो: पूर्वीसारखी गोड राहिली नाहीत.

उपासाच्या ताटाबद्दल एक गंमत सांगतो, कर्मठ मंडळींनी रागावू नये. शेजारच्या देवगिरीत यादवांचा मंत्री हेमाद्री यानं तेराव्या शतकात 'चतुर्वर्गचिंतामणी' रचला आणि त्याच्या व्रतखंडात व्रतांचा डोंगर रचून ठेवला. त्या डोंगरात आपलं रताळं असणं शक्य नाही. ते मूळचं अमेरिका खंडातलं, आपल्याकडं पोर्तुगिजांच्या जहाजांतून आलं, हेमाद्रीनंतर दोन-अडीचशे वर्षांनी. बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, हिरवी मिरची तिकडची, आणि साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावाही तिकडचाच. ताटात खरे इथले म्हणजे भगर, कवठ आणि तूप. रताळ्यानं तर नावही दुसऱ्याचं घेतलं. संस्कृतात रक्तालु म्हणतात तो गोराडूच्या जातीचा वेगळा कंद. नवा पाहुणा तसाच लालसर सालीचा दिसला, म्हणून ते नाव त्याला चिकटलं, असं मानतात. खरं तर तो गारवेलीच्या कुळातला. त्याचं फूल पाहिलं की खात्री पटते, फिकट जांभळा कर्णाच.

आमच्या भागातली काळी जमीन रताळ्याला फारशी मानवत नाही. काळ्या रानात कंद वाकडा होतो, उपटताना तुटतो. त्याला हलकी, भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी माती लागते, म्हणून गोदाकाठची मळी हे त्याचं रान. आणि त्याला बी लागत नाही. वीतभर वेलाचे तुकडे करायचे, मधले डोळे वरंब्यात दाबायचे, टोकं बाहेर ठेवायची. पुढं वेल सरीत पसरू लागला की अधूनमधून उचलून पलटायचा, नाहीतर तो पेरापेराला मुळ्या धरतो आणि कंद पोसत नाही. चार महिन्यांत रताळी. वेल कुणी विकत घ्यायचं नाही. ज्याच्या रानात असेल त्याच्याकडून ओल्या पोत्यात गुंडाळून आणायचा आणि पुढच्या वर्षी त्याचा वेल मेला तर त्याला परत न्यायचा. मोठी आई म्हणायची, "येल देताना मोजू नये."

जालन्याच्या माणसानं हे सांगावं यात मला मौज वाटते, कारण जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथं महिको सुरू केली, संकरित बियाणं घरोघर पोचवलं, आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालन्यातल्या बियाण्याच्या दुकानांत आजही पाकिटांच्या भिंती उभ्या असतात: कापूस, भेंडी, मिरची, टरबूज. रताळ्याचं पाकीट त्या भिंतीत मी अजून पाहिलेलं नाही. ज्याला पाकीट नाही त्याला जाहिरात नाही, आणि जे हातोहात चालतं ते एक हात सुटला की थांबतं. आमच्याकडं ते तसंच थांबलं.

थांबलं दोनदा. पहिल्यांदा पाण्यामुळं. 1976 साली पैठणला जायकवाडी धरण झालं, पुढं डाव्या कालव्याचं पाणी आमच्या पट्ट्यात फिरलं आणि नदीकाठच्या मळीत ऊस उभा राहिला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या उसानं आम्हा भावंडांना शिकवलं. पण उसाच्या रानात चार वाफे रताळी कोण लावतं? चुलत्यांनी विहिरीच्या कडेला, थारोळ्याच्या पाण्यावर दोन सऱ्या राखल्या. तेवढ्या सणापुरत्या पुरायच्या: शिवरात्र, आषाढी-कार्तिकी, आणि मत्स्योदरी देवीच्या नवरात्रात नऊ दिवस उपास धरणाऱ्या काकूसाठी. 1981 साली जालना जिल्हा वेगळा झाला, मी शहरात नोकरीला आलो, आणि सणाआधी एस.टी.च्या टपावरून रताळ्याचं पोतं यायला लागलं. पोतं आल्या दिवशी फोडायचं नाही, आठ दिवस कोपऱ्यात ठेवायचं, मग ती गोड होतात, ही चिठ्ठी काकू दरवेळी पाठवायची. आम्ही एकदाही थांबलो नाही.

दुसऱ्यांदा थांबलं ते पाणी नसल्यामुळं. 2012-13 सालचा उन्हाळा जालना जिल्ह्यानं विसरू नये असा होता. टँकर, गुरांच्या छावण्या, आणि मोसंबीच्या वाळलेल्या बागा. पंधरा-पंधरा वर्षांची झाडं लोकांनी तोडून जळणाला घातली. विहीर आटली तसा थारोळ्याकडचा वेलही गेला. मोसंबीच्या झाडासाठी माणसं रडली. वेल गेला हे पुढच्या पावसाळ्यात, बेणं शोधायला गेल्यावर लक्षात आलं. आसपासच्या कुणाकडंच नव्हतं.

तेव्हापासून रताळी बाजारातली. बेळगावकडची म्हणून विकतात, मोठी, लाल, दिसायला देखणी. त्यांत एक धोका असतो. सोंड्या भुंग्याची अळी आत शिरली की रताळं स्वतःच्या बचावासाठी कडू द्रव्य तयार करतं. बाहेरून सालीवर टाचणीएवढं भोक, आत काळी नळी. असं एक रताळं पातेल्यात गेलं तर सगळा पाक कडू होतो. त्यावर गूळ, सुंठ, देवाचं नाव, कशाचा इलाज चालत नाही. एका आषाढीला मी ते केलं. पाहुणे होते. सगळ्यांनी पहिली चकती तोंडात घातली आणि कुणीच काही बोललं नाही.

पुतणी न्यू जर्सीत असते. तिनं तिथल्या नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणात एकदा आपली गुळातली रताळी केली. तिथं आधीच रताळ्याचा पदार्थ लागतो, साखरेच्या पाकातला, वर मार्शमेलो भाजलेले. म्हणजे चकत्यांची कल्पना त्यांनाही सुचली होती. मार्शमेलोत जिलेटिन, एवढ्यानंच आपला उपास मोडतो. तिनं फोनवर तक्रार केली की तिथली केशरी रताळी पाकात विरघळतात, चकती उभी राहत नाही. शिवाय दुकानात पाटी 'याम'ची. लुइझियानाच्या व्यापाऱ्यांनी 1930च्या दशकात केशरी रताळी वेगळी कळावीत म्हणून ते नाव चालवलं. याम म्हणजे पुन्हा तेच गोराडूचं गोत. दोन खंडांत रताळ्यानं एकाच शेजाऱ्याचं नाव पांघरलं, हे ऐकून मोठी आई खूश झाली असती. त्या केशरी रंगातून शरीराला अ जीवनसत्त्व मिळतं. आफ्रिकेत तशा वाणांचा प्रसार करणाऱ्या तिघांना, जोडीला पोषक पिकांसाठी झटणाऱ्या आणखी एकाला, 2016 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बारवाल्यांना मिळाला होता तोच. आपल्याकडं तिरुवनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेनं 'भू सोना' नावाचा केशरी वाण काढला आहे. पाकात चकती धरते का, ते मी अजून करून पाहिलेलं नाही.

गेल्या आषाढात नात्यातल्या एका लग्नात पैठणकडच्या एका बाईंशी गप्पा निघाल्या. त्यांच्या परसात वेल होता. मी मागितला नाही, नुसता विषय काढला. महिन्यानं अंबडच्या बसस्थानकावर त्यांच्या मुलानं ओल्या पोत्यात गुंडाळलेलं भेंडोळं हातात ठेवलं. मी सवयीनं खिशात हात घातला, तर तो म्हणाला, "काका, आईनं पैसे घ्यायचे नाहीत म्हणून सांगितलंय. मोजलेपण नाहीत." गच्चीवरच्या फुटक्या टाकीत माती आणि वाळू भरून मी बावीस तुकडे लावले. घरी आल्यावर मी मात्र मोजले होते.

सतरा जगले. शिवरात्रीच्या आठ दिवस आधी उपटले तेव्हा अकरा रताळी निघाली, त्यातली दोन भुंग्यानं खाल्लेली. उरलेली नऊ मी यावेळी कोपऱ्यात आठ दिवस राहू दिली. चूल नाही, म्हणून ओव्हन सगळ्यात कमी आचेवर लावून अडीच तास ठेवली. एकाच्या टोकाला तो काळपट थेंब सुटला होता. नातवाला बोलावलं आणि बोटानं निपटून दिला. त्यानं वास घेतला, जिभेच्या टोकाला लावला आणि विचारलं, "आजोबा, हा सॉस कशाचा आहे?"